रोगजंतूंना जात नसते. मग बळी आमचेच का?

पावसाळा आला की नाशिककरांचे डोळे दुतोंड्या मारुतीकडे लागतात. गोदावरीचे पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशा बातम्या सुरू होतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याचे आकडे तासातासाला जाहीर होतात. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी गोदावरीला मोठा पूर आला, बाजारपेठेत पाणी शिरले, व्यापाऱ्यांच्या मालाचे नुकसान झाले आणि त्याचे पंचनामेही झाले. ते व्हायलाच हवेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा सवाल वेगळा आहे. पाणी ओसरल्यावर जो चिखल राहतो तो कोण उपसतो? वाघाडी नाल्यात, नासर्डीच्या पात्रात (तिला आता नंदिनी असे गोंडस नाव मिळाले आहे) कमरेएवढ्या घाणीत उतरून गाळ कोण काढतो? आणि तो गाळ काढणाऱ्या माणसाला आठ-दहा दिवसांनी ताप भरला, डोळे लाल झाले, लघवी बंद झाली, तर त्याचा पंचनामा कोण करतो?

कोणीही करत नाही! पुराचे पाणी मोजायला या शहरात मारुती आहे, पण गटारात उतरणाऱ्या माणसाचा ताप मोजायला कोणी नाही. म्हणूनच आज आम्ही एका अशा विषयावर लिहीत आहोत, ज्याला हात लावायला मोठी वर्तमानपत्रे नाक मुरडतात. तो विषय आहे डुकरांपासून माणसांना होणाऱ्या जंतुसंसर्गाचा. मोठ्या वर्तमानपत्रांत डुकराची बातमी येते ती ‘मोकाट डुकरांचा उपद्रव’ या मथळ्याखाली. कॉलनीतल्या बागेत डुकरे शिरली, मॉर्निंग वॉकला अडथळा झाला, नागरिक त्रस्त! वस्तीतली पोरे त्याच डुकरांच्या शेजारी, त्याच नाल्याच्या काठावर वाढतात, ती मात्र ‘नागरिक’ या शब्दात बसत नाहीत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. डुकराचा रोग म्हटले की लोकांना स्वाईन फ्लू आठवतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये या रोगाने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि महाराष्ट्रभर हाहाकार उडाला. तोंडाला फडकी बांधून लोक फिरू लागले. गावोगावी डुकरे पकडा, डुकरे मारा, अशी ओरड झाली. वास्तविक तो रोग एका विषाणूचा होता आणि त्यावेळी तो माणसाकडून माणसाला, खोकल्या-शिंकण्यातून पसरत होता. नाशिकच्या किंवा पुण्याच्या नाल्यातल्या डुकराचा त्याच्याशी संबंध नव्हता. तो विमानाने आला होता, नाल्यातून नव्हे! पण दोष गेला नाल्याकाठच्या माणसाकडे. पुढे २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाईन फिव्हर आला. त्याने डुकरे पटापट मरतात, डुक्करपालकाचे कंबरडे मोडते, पण तो माणसाला होतच नाही. तरीही भीती पसरवली गेली. म्हणजे जो रोग डुकरापासून येत नाही त्याच्या नावाने डुक्करपालकाला झोडपायचे आणि जे रोग खरोखर येतात त्यांचे नावही घ्यायचे नाही, असा हा उलटा कारभार आहे.

खरोखर येणारे रोग कोणते? त्यांत सर्वात महत्त्वाचा आणि आपल्या लोकांना सर्वात जवळचा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. लेप्टोस्पायरा नावाचा, स्प्रिंगसारखा वळलेला, साध्या डोळ्यांना न दिसणारा जिवाणू या रोगाचे मूळ आहे. तो उंदरा-घुशींच्या, डुकरांच्या, गाई-म्हशींच्या आणि कुत्र्यांच्या मूत्रपिंडात घर करतो आणि त्यांच्या मुतातून बाहेर पडतो. सर्वात मोठा गुन्हेगार उंदीर आहे, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. पण डुक्करही कमी नाही. एकदा लागण झालेले डुक्कर वरवर ठणठणीत दिसत असते आणि महिनोन्महिने मुतातून जंतू टाकत राहते. ते लोळते कुठे? नाल्यात, डबक्यात, उकिरड्यावर. ओलसर माती आणि साचलेले पाणी या जंतूला मानवते. अशा पाण्यात माणूस उघड्या पायाने उतरला आणि त्याच्या पायाला भेग असेल, चिखल्या झाल्या असतील, हाताला खरचटले असेल, तर जंतू थेट रक्तात शिरतो. डोळ्यांतून, नाकातोंडातूनही तो शिरू शकतो.

लागण झाल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत ताप येतो. थंडी वाजते, डोके फुटल्यासारखे दुखते, कंबर आणि विशेषतः पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या ठणकतात, डोळे लालबुंद होतात. अनेकांचा ताप आपोआप उतरतो. पण काहींमध्ये रोग बळावतो. कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो आणि धडधाकट माणूस पाहता पाहता जातो. जगभरात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा रोग होतो आणि जवळपास ५९ हजार लोक त्याने मरतात, असा अंदाज २०१५ मध्ये संशोधकांनी मांडला. यातली सर्वात संतापजनक गोष्ट कोणती? हा रोग बरा करणारे औषध कोट्यवधी रुपयांचे नाही. जुने, साधे, स्वस्त पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन त्यावर चालते. फक्त ते वेळेवर, म्हणजे पहिल्या काही दिवसांत मिळाले पाहिजे. म्हणजे या रोगाने मरणारा माणूस औषध नव्हते म्हणून मरत नाही, त्याच्या तापाकडे कोणी पाहिले नाही म्हणून मरतो.

हा एकच रोग नाही. एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा जिवाणू डुकरांना ताप आणतो आणि अंगावर लाल चट्टे उठवतो. या रोगावर १८८० च्या दशकात लुई पाश्चरने डुकरांसाठी लस तयार केली होती. हाच जंतू कसायाच्या, मटण-मासळी कापणाऱ्याच्या बोटाच्या जखमेतून शिरला की बोट जांभळे पडते, सुजते, विलक्षण दुखते. पेनिसिलिनने ते बरे होते, दुर्लक्ष केले तर क्वचित हृदयाच्या झडपांपर्यंत जाते. ब्रुसेला हा दुसरा जंतू. जनावराचे वार काढताना, गाभडलेले पिल्लू उचलताना तो हाताला लागतो आणि माणसाला आठवडेच्या आठवडे चढउताराचा ताप, घाम आणि सांधेदुखी देतो. आपल्याकडे तो मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांकडून येतो, पण डुकरांतही त्याची एक जात आहे. साल्मोनेला आणि यर्सिनिया कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून पोटात जातात आणि जुलाब लावतात. स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा तर मेंदूच्या आवरणावर हल्ला करतो, वाचलेला माणूस अनेकदा कायमचा बहिरा होतो. २००५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात त्याने २१५ जणांना पकडले आणि ३८ जणांचा जीव घेतला. हे लोक कोण होते? आजारी किंवा मेलेले डुक्कर फेकून देणे परवडत नाही, म्हणून ते कापणारे गरीब शेतकरी!

येथे आम्हाला इतिहास आठवतो. मेलेले जनावर ओढण्याचे, कापण्याचे, त्याचे कातडे काढण्याचे काम या देशात कोणाच्या माथी मारले होते? काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स हा भयंकर रोग मेलेल्या जनावरापासून होतो, हे आज शाळेतले पोरही सांगेल. पण शतकानुशतके ते मेलेले जनावर आमच्या बापजाद्यांच्या खांद्यावर होते आणि त्याचे मांस त्यांच्या हंडीत होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हा आदेश दिला. तो स्वाभिमानाचा आदेश होता. आज विज्ञानाच्या नजरेने पाहिले तर तो आमच्या आरोग्याचाही आदेश ठरतो. त्या आदेशाने किती जीव वाचले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

त्याच महाडला दुसरी एक घटना घडली. चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, ती उतरली तर तळे बाटत नव्हते. माणसाने ओंजळभर पाणी घेतले आणि तळे बाटले! मग सनातन्यांनी ते शुद्ध कसे केले? १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेले पंचगव्य ओतून! लेप्टोस्पायरा जनावरांच्या मुतातून पाण्यात येतो, हे वर सांगितलेच आहे. त्या वेळी तो जंतू जपानमध्ये १९१५ च्या सुमारास सापडून दहा-बारा वर्षे झाली होती. म्हणजे जग सूक्ष्मदर्शकातून पाण्यातले जंतू पाहत होते आणि आमचे धर्ममार्तंड पाण्यात माणसाची जात पाहत होते. पाण्याची शुद्धता म्हणजे काय, हे ज्या समाजाने जातीवरून ठरवले, त्या समाजाला स्वच्छता कधी कळलीच नाही. आपले घर झाडायचे, केर दुसऱ्याच्या दारात टाकायचा आणि तो उचलणाऱ्याला घाणेरडा म्हणायचे, एवढीच त्यांची स्वच्छता! नाशिकला हे आणखी वेगळे सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच शहरात सुरू झाला. ज्या रामकुंडाच्या पाण्याजवळ आमच्या माणसांची सावली चालत नव्हती, त्या रामकुंडाचा गाळ उपसायला मात्र आमचेच हात लागतात.

आता डुकरांकडे वळू. डुक्कर मोकाट का फिरते? डुक्कर काही आभाळातून पडत नाही. शहराचा ओला कचरा उघड्यावर पडतो, हॉटेलांचे खरकटे नाल्यात जाते, जिथे संडास नाहीत किंवा आहेत पण पाण्याविना बंद आहेत तिथे लोकांना उघड्यावर बसावे लागते. या सगळ्यावर डुक्कर जगते. म्हणजे शहराने जी सफाई करायला हवी ती डुक्कर फुकटात करते. या व्यवस्थेत डुक्कर हाही एक बिनपगारी सफाई कामगारच आहे! मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय शहरात डुक्कर पाळता येणार नाही, अशी तरतूद आहे. कायदा सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि तरीही महाराष्ट्रातल्या शहराशहरांत डुकरे फिरतात. कारण कचरा आणि संडास यांचा प्रश्न सोडवण्यापेक्षा अधूनमधून डुक्कर पकडण्याचा ठेका देणे सोपे असते.

आणि डुक्कर पाळतो कोण? कैकाडी, वडार, वाल्मीकी-मेहतर अशा समाजांतली गरीब कुटुंबे. ज्यांना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त केले, पण जमीन दिली नाही, भांडवल दिले नाही, घर दिले नाही, त्या विमुक्तांतली कुटुंबे. त्यांच्यासाठी एक डुकरीण म्हणजे बँकेतली ठेव असते. मुलीचे लग्न, आजारपण, पोलीस केस, जे काही असेल ते डुक्कर विकून भागते. त्यांना चारा विकत घेणे परवडत नाही म्हणून ते डुक्कर उकिरड्यावर सोडतात. रोगाचा पहिला घाव त्यांच्याच घरावर पडतो, कारण डुकरासोबत तेच झोपतात, तेच त्याचे बाळंतपण करतात, तेच ते कापतात.

आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण आमच्याच वस्त्यांत काय चालते ते आम्हाला माहीत आहे. नाल्याच्या एका काठाला बौद्ध वस्ती, दुसऱ्या काठाला डुक्कर पाळणाऱ्यांच्या झोपड्या. पोरांना ताप आला की आमचे तरुण डुक्करवाल्यांवर धावून जातात. दगडफेक होते, केसेस होतात. दोन्ही बाजूंनी आपलेच लोक कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि कचऱ्याचा ठेकेदार बिल काढून मोकळा होतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचा पाय, त्यामुळे सगळे मिळून वरच्याविरुद्ध उठतच नाहीत. नाल्याकाठची ही भांडणे हे त्याचे जिवंत उदाहरण आहे. ज्याच्या घरी डुक्कर आहे तो आपला शत्रू नाही. ज्याने त्याला आणि आपल्याला दोघांनाही नाल्याकाठी ठेवले, त्याला जाब विचारला पाहिजे.

‘डुक्कर’ ही शिवी म्हणून वापरणाऱ्यांनाही दोन शब्द. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९१ लाख डुकरे आहेत, त्यांपैकी २१ लाख एकट्या आसामात. ईशान्य भारतात डुक्करपालन हा घरोघरचा प्रतिष्ठेचा धंदा आहे. गोठ्यात बांधलेले, स्वच्छ पाणी आणि खाद्य मिळणारे, डॉक्टरांनी तपासलेले डुक्कर गाई-म्हशीइतकेच निरुपद्रवी असते आणि नीट शिजवलेल्या मांसाने कोणाला रोग होत नाही. प्रश्न डुकराचा नाही, प्रश्न घाणीचा आहे. आणि या देशात घाण ही जातीप्रमाणे वाटलेली आहे.

आता तापाची गोष्ट. नावे बदलतात, वस्ती बदलते, पण गोष्ट तीच असते. कंत्राटी सफाई कामगार पावसात नालेसफाईला जातो. त्याला गमबूट मिळालेले नसतात, किंवा मिळालेले असतात ते फाटके, दोन नंबर मोठे. आठवड्याने ताप येतो. सुट्टी घेतली तर हजेरी कापतात म्हणून क्रोसिन घेऊन तो कामावर जातो. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा डॉक्टर इंजेक्शन टोचतो, ‘व्हायरल आहे’ म्हणतो. पाचव्या दिवशी डोळे पिवळे होतात. घरातले म्हणतात, कावीळ झाली, उतरवून आणा! मग कोणी माळ घालतो, कोणी हातावर चुना चोळून पिवळे पाणी काढून दाखवतो, कोणी नाकात रस पिळतो. औषधाने जीव वाचवण्याचे जे चार दिवस हातात होते ते या बुवाबाजीत जातात. सातव्या-आठव्या दिवशी लघवी थांबते, मग रिक्षात घालून सरकारी दवाखाना. तेथून पुढे पाठवतात. वाटेत किंवा खाटेवर सगळे संपते. दाखल्यावर लिहिले जाते: कावीळ, मूत्रपिंड निकामी, ताप. लेप्टोचे नाव कोठेही येत नाही, कारण तपासणीच झालेली नसते. आणि जो रोग कागदावर नाही तो शासनाच्या लेखी अस्तित्वातच नसतो!

विधवेला सांत्वन म्हणून काय मिळते? मयत कायम कामगार असेल तर लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी, म्हणजे बापाचा झाडू पोराच्या हातात. कंत्राटी असेल तर तेही नाही. वास्तविक कायदा काय सांगतो? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोगांची यादी होती. तिच्या सुरुवातीलाच ज्या कामात संसर्गाचा विशेष धोका आहे त्या कामातून जडलेले संसर्गजन्य रोग आणि त्यात जनावरे, त्यांचे मृतदेह हाताळण्याचे काम यांचा समावेश होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आहे. म्हणजे गटारातून जडलेला लेप्टो हा कामावर झालेला अपघात आहे, असे म्हणायला कायद्यात जागा आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी प्रा. अडारकरांची नेमणूक झाली आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. हे सगळे आहे. पण ज्या मृत्यूवर रोगाचे नावच लिहिलेले नाही, त्याची भरपाई कोणत्या कोर्टात मागायची? म्हणून आम्ही म्हणतो की तपासणी हा केवळ वैद्यकीय प्रश्न नाही, तो हक्काचा प्रश्न आहे.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये आला, २०१३ मध्ये आणखी कडक झाला. संरक्षक साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. न्यायालयाचे आम्ही स्वागत करतो. पण ही भरपाई विषारी वायूने गटारातच गुदमरून मेलेल्याची आहे. जो गटारातून चालत बाहेर आला आणि दहा दिवसांनी त्याच गटारातल्या जंतूने मेला, तो कोणत्या यादीत धरायचा?

काही करता येत नाही असे नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोची साथ आली आणि मुंबईला जाग आली. आता तेथे दर पावसाळ्यात, साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर दवाखान्यात जा, गोळी घ्या, असे आवाहन होते. २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारने पाण्यात उतरलेल्या बचाव कार्यकर्त्यांना आणि सफाई कामगारांना आठवड्याला एकदा डॉक्सिसायक्लिनची मात्रा देण्याची मोहीम राबवली. अंदमानात या रोगाला आधी कोणी ओळखलेच नव्हते, ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ म्हणत होते. तपासले तेव्हा तो लेप्टोच निघाला. आणि त्याहून जुना धडा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा. १९३३-३४ मध्ये तिथल्या ऊसतोड कामगारांत हाच रोग पसरला. कामगारांनी मागणी केली की तोडणीआधी फड जाळा, म्हणजे उंदीर पळतील आणि ओला पाचोळा राहणार नाही. मालक ऐकेनात. १९३५ मध्ये कामगारांनी संप केला. त्यानंतर तिथे फड जाळून तोडणी करण्याची पद्धत रूढ झाली. रोगाविरुद्धचा लढा डॉक्टरच लढतात असे नाही, संघटित कामगारही तो लढतो, हा त्याचा अर्थ!

नाशिकमध्ये काय कमी आहे? महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. जिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेची रुग्णालये आहेत. २०२७ च्या सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे तयार झाले. घाट, रस्ते, पूल, साधुग्राम! लाखो भाविक गोदेत स्नान करणार म्हणून ती स्वच्छ हवी. जरूर हवी. पण गोदा स्वच्छ करायला जे हात नाल्यात उतरतील, त्या हातांना मोजे देण्यासाठी त्या आराखड्यात किती रुपये आहेत, हे सांगण्याची हिंमत कोणी दाखवील काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, नाल्यात, गटारात, कचऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला, तो कायम असो वा कंत्राटी, मापाचे गमबूट, हातमोजे आणि काम संपल्यावर आंघोळीला साबण-पाणी मिळालेच पाहिजे. न देणाऱ्या ठेकेदाराचे बिल रोखले पाहिजे. दुसरी, जून ते ऑक्टोबर या काळात या कामगारांच्या आणि डुक्करपालक कुटुंबांच्या वस्त्यांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रतिबंधक गोळ्यांची मोहीम राबवावी. तिसरी, पावसाळ्यातल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाला ‘तुझे काम काय, तू पाण्यात उतरला होतास का’ हा प्रश्न विचारणे आणि संशय येताच लेप्टोची तपासणी मोफत करणे बंधनकारक करावे. चौथी, अशा मृत्यूंची नोंद व्यावसायिक रोगाचा मृत्यू म्हणून व्हावी आणि वारसांना भरपाई मिळावी. पाचवी, डुक्करपालकांना हाकलण्याऐवजी शहराबाहेर जागा, पाण्याची सोय, पक्के गोठे आणि पशुवैद्यकीय डॉक्टर द्यावेत. त्यांच्या मुलांना शाळा द्यावी. सहावी आणि मूळ मागणी, वस्त्यांतला कचरा रोज उचलावा आणि संडासांना पाणी द्यावे. हे झाले तर उंदीर आणि डुक्कर दोघेही आपोआप कमी होतील.

एक इशाराही देतो. गोळ्या मिळतात म्हणून त्या मनाने खाऊ नयेत. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन चालत नाही. जगात डुकरांच्या-कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळून इतका गैरवापर झाला की २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतच, कोलिस्टिन या शेवटच्या हत्याराला दाद न देणारे जंतू सापडले. भारत सरकारने २०१९ मध्ये पशुखाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. श्रीमंताला महागडे पर्याय मिळतील, गरिबाला साधे पेनिसिलिनच तारणार आहे. ते निकामी होऊ द्यायचे नसेल तर औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पूर्ण घेतले पाहिजे.

शेवटी आमच्याच लोकांना सांगणे आहे. बांधवांनो, जयंतीला आपण डीजे लावतो, कमानी उभारतो, लाखो रुपये वर्गणी जमा करतो. त्यातल्या दहा टक्क्यांत वस्तीतल्या प्रत्येक सफाई कामगाराला गमबूट येतात. वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास तरुण डॉक्टरांना बोलावा, आज आपल्या समाजात डॉक्टर झालेली मुले-मुली कमी नाहीत. त्यांच्या तोंडून लोकांना कळू द्या की पोटऱ्या ठणकणारा ताप आणि लाल डोळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कावीळ उतरवणाऱ्याच्या दारात जाणे म्हणजे मरणाला आवतण देणे आहे. आणि विहारात बोलावताना नाल्याच्या पलीकडच्या कैकाडी, वडार, वाल्मीकी बांधवांनाही बोलवा. त्यांचा ताप आणि आपला ताप वेगळा नाही.

रोगजंतू कोणाला जात विचारत नाही. तो फक्त भेगाळलेला उघडा पाय शोधतो. या देशात उघडे पाय कोणाचे ठेवायचे हे मात्र जात ठरवते. तेव्हा लढाई जंतूशी आहे आणि त्या ठरवणाऱ्या व्यवस्थेशीही. पुढच्या पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले की टीव्हीवाले पुन्हा कॅमेरे घेऊन गोदाकाठी येतील. त्या दिवशी नाल्यात उतरणाऱ्या माणसाच्या पायात बूट आहेत की नाहीत, हे पाहायला आपण गेलो पाहिजे. नसतील तर काम बंद पाडण्याची तयारी ठेवली पाहिजे!